नाही म्हणायचं तर लेखी म्हणा: गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

१० फेब्रुवारी २०२३ला पंतप्रधानांनी मरोळमध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या अल जामिया-तुस-सैफिया या शिक्षणसंस्थेच्या संकुलाचं उद्घाटन केलं. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने याच समाजातल्या बहिष्काराचा, म्हणजे 'बरात'चा, प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. उद्घाटनाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल आपलं सरकार गप्प का, एवढंच विचारायचं आहे.

वयात येताना सैयदनांशी, म्हणजे समाजाच्या सर्वोच्च धर्मगुरूंशी, मिसाक, म्हणजे निष्ठेची शपथ. पुढे निकाह असो की दफन, रझा, म्हणजे परवानगी, लागते, ती आमिलसाहेबांमार्फत, म्हणजे सैयदनांच्या स्थानिक प्रतिनिधीमार्फत. जमा पैशांचा हिशेब मागणारा, सुधारणेचं बोलणारा बरातीत गेला की मशीद, जमातखाना, कब्रस्तान बंद. सख्ख्या भावानेही त्याच्याकडे जेवायला जायचं नाही. श्रद्धा उडालेलेच यात सापडतात असंही नाही. बोहरा सुधारणावादी असगर अली इंजिनिअर श्रद्धावान मुसलमान होते, तरी कित्येक दशकं बहिष्कृत राहिले.

मुंबई प्रांताने १९४९मध्येच याविरुद्ध कायदा केला होता. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळ्या मताचे. आता २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कोकणातली गावकी, भटक्यांच्या जातपंचायती यांच्याबद्दल बोलताना पुढारी त्याचा हवाला हिरिरीने देतात. पैसेवाल्या, संघटित जमातीचं नाव निघालं की तोच बहिष्कार 'त्यांचा अंतर्गत प्रश्न' होतो.

अडचण अशी की दफनाला नकार तोंडी येतो. 'रझा नथी', संपलं. घरात आईचं प्रेत असताना मुलगा पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढेल? तो माफीनामा लिहून देतो, दफन होतं, आणि सरकारदरबारी काही घडलेलंच नसतं.

म्हणून मागणी एकच. नोंदणीकृत न्यासाच्या कब्रस्तानात जागा नाकारायची असेल, तर काही तासांत कारणासह लेखी नकार देणं बंधनकारक करा. तो दिला नाही, तर सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याने तक्रारीची वाट न पाहता तिथे हजर व्हावं. या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन प्रत्येक ठाण्याच्या फलकावर लावा. आज ते किती जणांना ठाऊक आहे, हे आपणच एखाद्या ठाण्यात विचारून पाहा.

जमातीत कोणाला ठेवायचं हे धर्मगुरूंनी ठरवावं की नाही, ते न्यायालय सांगेल तेव्हा सांगेल. नकाराचा कागद मागायला त्या निकालाची गरज नाही.

कळावे,
आपला,
मुंबईतील एक मतदार