तीन चेंडू

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कालचा तुझा बास्केटबॉलचा सामना शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या हाफमध्ये तुझा थ्री-पॉइंटर, तो रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट, रिंगला लागून बाहेर आला, तेव्हा प्रेक्षकांनी जो सुस्कारा टाकला तो तुलाही ऐकू गेला असणार. कारण पुढच्या वेळी तू अगदी मोकळा होतास आणि तरी पास दिलास. रात्रभर मला तो पासच दिसत होता.

सकाळी कागद घेऊन बसलो. दहा सामन्यांत तू 40 थ्री मारलेस, 11 पडले. म्हणजे साडेसत्तावीस टक्के. 14 पडले असते तर 35 टक्के झाले असते, आणि हेच लोक तुला पक्का शूटर म्हणाले असते. दहा सामन्यांत अवघे तीन चेंडू!

या प्रेक्षकांनी तुझे शाळेतले व्हिडिओ पाहिलेत. तिथे थ्रीची रेषा 19 फूट 9 इंचांवर होती, इथे कॉलेजात ती 22 फूट पावणेदोन इंचांवर आहे, आणि अंगावर येणारी पोरं तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. हे त्यांना पटवत बसू नकोस. तिकीट काढून येतात, संघावर जीव आहे म्हणून चिडतात. पैजा लावणाऱ्यांचे मेसेज मात्र वेगळे. 2018च्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिथल्या बऱ्याच राज्यांत सट्टा कायदेशीर झाला, आता एकेका खेळाडूच्या गुणांवरही पैसे लागतात. अशांना उत्तर देऊ नकोस. धमकी आली तर त्याच दिवशी कोचना दाखव.

एनबीएतला प्रसिद्ध शूटर स्टेफन करी, त्यानं 2006 साली डेव्हिडसन कॉलेजकडून खेळताना पहिल्याच सामन्यात 13 टर्नओव्हर केले होते, म्हणजे 13 वेळा चेंडू समोरच्या संघाकडे घालवला होता. कोचनी त्याला पुढच्या सामन्यातही उतरवलं, आणि त्यानं मिशिगनविरुद्ध 32 गुण केले. त्यातला कोचचा निर्णय मला जास्त मोठा वाटतो. तुझे कोचही तुला उतरवतायत, म्हणजे मोकळा असलास की तू शूट करावंस असंच त्यांना वाटतं.

आता माझं. प्रत्येक सामन्यानंतर फोन करून 'कोपर आत ठेव' सांगणारा मीच. तू फोन उचलणं कमी केलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या सुस्काऱ्यात माझाही आवाज मिसळलेला होता. यापुढे सामन्यानंतर मी फोन करणार नाही. तुला बोलावंसं वाटलं तर कितीही उशिरा कर, मी जागा असेन. खेळाचा विषय तू काढलास तरच निघेल.

आई म्हणते, तू डाव्या पायावर नीट उतरत नाहीस, घोटा अजून दुखतोय. मला नाही सांगितलंस तरी चालेल, पण तिला खरं सांग.

तुझा,
बाबा