जनुकोपचाराची वाट पाहत जखम चिघळू नये

महोदय,

मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांवर जनुकोपचार आता आलाच, अशा समजुतीने काही कुटुंबे चालू उपचार लांबणीवर टाकताना दिसतात, म्हणून हे पत्र.

या उपचारामागील विचार पक्का आहे, हे आधी नमूद करतो. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की जखमेतील विकरे (एन्झाइम) वाढीचे घटक, म्हणजे जखम भरून आणणारी प्रथिने, तोडून टाकतात आणि वरून लावलेले औषध टिकत नाही. त्याऐवजी तो घटक बनवणारे जनुकच पेशींत पोहोचवले, तर तो जागच्या जागी तयार होत राहील. परंतु जपानने २०१९ मध्ये रक्तपुरवठ्याअभावी पायाला होणाऱ्या व्रणांसाठी अशा एका इंजेक्शनला सशर्त मान्यता दिली आणि पुढे अपेक्षित परिणाम सिद्ध न झाल्याने २०२४ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालेले जनुकीय जेल जखमेवरच लावतात, मात्र ते एका दुर्मीळ आनुवंशिक त्वचारोगासाठी आहे.

इकडे उसाच्या फडात पाचटाचे टोक तळव्यात घुसते आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला ते संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसेपर्यंत कळतही नाही. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ही बधिरता काही मिनिटांत ओळखता येते. सांगली जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी, जखमेवरचा भार कमी करणारी पादत्राणे आणि नियमित ड्रेसिंग यांची सोय गळीत हंगामापूर्वी व्हावी, अशी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, मिरज