आठव्या खेळीपुढे

इंदूर,
१८ जानेवारी

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

काल क्लबात बुद्धिबळाचा डाव हरलो, आणि दोष तुझा आहे. रामबागेतल्या तुमच्या ओट्यावर 'फ्राइड लिव्हर' नावाची चढाई शिकवलीस, पण आठव्या खेळीपर्यंतच. पुढचं कधी बोललाच नाहीस!

समोर बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका. (तळलेली कलेजी हा शब्दसुद्धा त्यांना गुरुवारी चालत नाही.) मी पांढरा. राजाचं प्यादं, घोडा, मग उंट सी-४ च्या घरात, इटालियन सुरुवात लागली. त्यांनी दुसरा घोडा काढला, तसा मी माझा जी-५ वर नेला. एफ-७ च्या प्याद्याला राजाशिवाय कोणी वाली नसतो, माहीतच आहे तुला. त्यांनी प्यादं डी-५ केलं, मी ते माझ्या प्याद्यानं मारलं. आता घोडा ए-५ ला नेऊन उंटाला हटकायचं, हे पोरंसुद्धा जाणतात. काकांनी सरळ घोड्यानं प्यादं खाल्लं. मी मनातल्या मनात मांडे खायला लागलो.

घोडा एफ-७ वर दिला. राजानं तो मारला, मी वजीर एफ-३ वर आणून शह. डी-५ चा घोडा राखायचा तर राजाला ई-६ वर, भर पटात यावं लागतं. काकांचा हात जरासुद्धा थरथरला नाही. माझी आठवी खेळी, घोडा सी-३. त्यांनी दुसरा घोडा बी-४ वर ठेवला आणि उठून चहा आणायला गेले. आता सी-२ वर शह आणि पाठोपाठ माझा हत्ती जाणार!

अर्ध्या तासातली चौदा मिनिटं मी तिथंच घालवली. शेवटी भीत भीत किल्लेकोट केला. पुढे दोनदा चांगले शह होते, दिसलेच नाहीत. त्यांचा राजा हळूहळू सी-७ ला जाऊन बसला, आणि माझ्या घड्याळातली वेळ संपली.

रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू (तळलेल्या कंदाचे तुकडे) खाताना विचारलं, "काका, पाचव्या खेळीला चुकलात ना?"

"चुकलो कसला! चाळीस वर्षं ए-५ खेळतोय, कंटाळा आला. म्हटलं, तुझं पाठांतर कुठं संपतं ते बघावं."

मग बशीतच पट मांडला. "नवव्याला ए-३ सरकव. घोडा शह देऊन हत्ती खाईल, खाऊ दे. राजा डी-१. मग डी-५ चा घोडा मार. माझा राजा उघडा, आणि घोडा तिकडे कोपऱ्यात अडकलेला." एवढं बोलून हत्ती म्हणून ठेवलेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

वहिनींना नमस्कार सांग. होळीला येशील तेव्हा नववी खेळी पाठ करून ये.

तुझा,
दिन्या