‘रुळाला दोनच वायरी जोडा’ हा सल्ला अपुरा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आलेली मुले घरी रूळ मांडायचा हट्ट धरतात, आणि त्यांच्याबरोबर मोठी माणसेही या छंदात ओढली जातात. आता नव्याने सुरुवात करणारे बरेच जण थेट डिजिटल संच घेतात. दुकानात त्यांना एकच वाक्य ऐकवले जाते : ‘डिजिटलमध्ये वायरिंग नसतेच, रुळाला दोन वायरी जोडा, झाले.’ टेबलावरच्या एका गोल रुळापुरते ते खरे आहे. ६ बाय ४ फुटी फळी, चार सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे फाटे) आणि तीन इंजिने झाली की तोच सल्ला महागात पडतो. जळालेला डीकोडर (इंजिनातला हुकूम वाचणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि वितळलेले स्लीपर (रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या) यांचे मूळ बहुतेक वेळा कंट्रोलरमध्ये नसते, ते फळीखालच्या तांब्याच्या तारांत असते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

जुन्या पद्धतीत रुळावरचा व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलत असे. डिजिटलमध्ये, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतो. एचओ आणि ओओ या १६.५ मिमी रुळाच्या मापांना साधारण १४-१५ व्होल्ट, एन या त्याहून लहान मापाला १२ च्या आसपास. त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटण्याच्या कालावधीतच संदेश दडलेला असतो. ‘एक’ पाठवायचा तर अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा, ‘शून्य’ पाठवायचे तर १०० किंवा अधिक. इंजिनातला डीकोडर हे ठोके मोजून ‘हा हुकूम माझ्यासाठी आहे का’ ते ठरवतो. म्हणजे रूळ ही एकाच वेळी विजेची तारही आहे आणि टेलिफोनची तारही. ही पद्धत जर्मनीच्या लेन्झ यांच्या कामावर उभी राहिली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेने तिचे प्रमाणीकरण केले. त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचे इंजिन चालवतो. एक अपवाद लक्षात ठेवावा. जर्मनीहून नातेवाइकांनी आणलेला मार्क्लिनचा एचओ संच तीन रुळी पद्धतीचा असतो. त्याची चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळी नसतात, त्यामुळे दोन रुळी मार्गावर ठेवताच शॉर्ट होते.

आता मुख्य मुद्दा, तांब्याच्या तारांचा. फळीखालून दोन जाड तारा शेवटपर्यंत न्यायच्या, त्यांना बस म्हणतात. घरगुती वायरिंगची बहुतारी एफआर वायर यासाठी उत्तम, लाल आणि काळी. २-३ मीटरच्या बसला १.५ चौ. मिमी पुरते, ५ मीटरच्या पुढे २.५ चौ. मिमी घ्यावी. कारण हिशेबाने पाहू. कंट्रोलरपासून १० मीटरवर इंजिन असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तार होते. ५ अँपिअरला २.५ चौ. मिमी तारेत सुमारे पाऊण व्होल्ट पडतो, १.५ मध्ये सव्वा व्होल्ट. पण रेडिओच्या दुकानातली ७/३६ ची (३६ गेजच्या सात तारांची) बारीक वायर बस म्हणून वापरली तर साडेआठ व्होल्ट वाटेतच जातात! इंजिनापर्यंत पोचते ते निम्म्याहून कमी. दोन्ही तारा मीटरला दहा-बारा पिळे देऊन न्याव्यात, बसचे टोक मोकळे ठेवावे, वळवून पुन्हा सुरुवातीला जोडू नये. बस ९-१० मीटरच्या पुढे गेली तर शेवटी १०० ओहम २ वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर एकामागे एक जोडून दोन तारांमध्ये लावावा. त्याने ठोक्यांच्या कडांवर येणारे व्होल्टेजचे उसळे दबतात. अर्ध्या वॉटचा रेझिस्टर इथे चालत नाही, त्यात पाऊण वॉटच्या आसपास उष्णता सतत निघते.

बसपासून रुळापर्यंत येणारी छोटी तार म्हणजे फीडर. त्याला १४/३६ किंवा २३/३६ वायर घ्यावी, लांबी २० सेंटिमीटरच्या आत ठेवावी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची जोडी हवी. पेको कंपनीचा लवचीक रूळ ९१४ मिमीचा येतो, म्हणजे ६ बाय ४ फुटी फळीवरच्या एका फेरीला सहा जोड्या. इतक्या कशाला, फिशप्लेट (दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आहेत ना, असे विचारले जाते. फिशप्लेट रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी असते. वीज वाहून नेण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. ती सैल होते, रंग आणि खडीचा गोंद तिच्यात शिरतो. शिवाय निकेल-सिल्व्हर रुळाचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा पंधरापटीहून अधिक असतो.

वायरिंग पुरे झाले की नाही, हे एक रुपयाच्या नाण्याने कळते. कंट्रोलर चालू ठेवून फळीच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात दोन रुळांवर नाणे आडवे ठेवायचे. १६.५ मिमीच्या रुळावर ते सहज बसते. बूस्टर, म्हणजे रुळाला वीज पुरवणारा कंट्रोलरचा भाग, तत्क्षणी ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) पाहिजे, नाणे उचलताच पूर्ववत झाला पाहिजे. मग दर मीटरवर, प्रत्येक साइडिंगमध्ये (बाजूला काढलेल्या रुळावर), सांध्याच्या दोन्ही वाटांवर हेच करायचे. एखाद्या जागी ट्रिप झाला नाही तर नाणे लगेच उचलावे. तिथे काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे. १५ व्होल्ट, ५ अँपिअरच्या बूस्टरला तारांचा एकूण रोध ३ ओहम भरला तर प्रवाह ५ अँपिअरच्या वर जातच नाही. बूस्टरला वाटते, चार-पाच इंजिने चालली आहेत. तो वीज देत राहतो, आणि ७५ वॉट, म्हणजे तीन सोल्डरिंग आयर्नची उष्णता, एखाद्या सैल फिशप्लेटमध्ये किंवा रुळावरून घसरलेल्या इंजिनाच्या केसाएवढ्या तारेत साठते. स्लीपर असेच वितळतात.

नाणे फक्त ट्रिप होते की नाही ते सांगते. पुढची पायरी म्हणजे १० ओहम, २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर रुळांना लावून मल्टिमीटरने त्या जागचा व्होल्टेज पाहणे. दीड अँपिअर खेचला जातो, रेझिस्टर तापतो, म्हणून पाच सेकंदांच्या वर ठेवू नये. साधा मल्टिमीटर एसीवर ५० हर्ट्झसाठी बनलेला असतो, डीसीसीचा खरा आकडा तो दाखवत नाही. पण एकाच मीटरने कंट्रोलरजवळ आणि दूर घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक उपयोगी पडतो. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला की तिथे फीडर वाढवावा.

सोल्डरिंगला ६०/४० ची रोझिन गाभ्याची तार वापरावी. डबीतली आम्लयुक्त फ्लक्स पेस्ट वापरल्यास काही महिन्यांत सोल्डरची जोड हिरवी पडते. २५ वॉटचे आयर्न रुळाला अपुरे. ते जास्त वेळ टेकवावे लागते आणि तोवर स्लीपर मऊ होतात. ५०-६० वॉटचे, स्वच्छ टोकाचे, दोन सेकंद, दोन्ही बाजूंना ओला कापूस. तार रुळाच्या बाहेरच्या अंगाला किंवा खाली सोल्डर करावी, आतल्या बाजूला चाकाची कड घासते.

सांधे हा दुसरा त्रासाचा भाग. सांध्याच्या मधोमध जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो व्ही आकाराचा तुकडा म्हणजे फ्रॉग. पेकोच्या इन्सुलफ्रॉगमध्ये तो प्लास्टिकचा असतो. जोडणी सोपी, पण छोट्या शंटिंग इंजिनाला तिथे वीज मिळत नाही आणि ते अडते. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये तो धातूचा असतो, इंजिन लोण्यासारखे जाते, मात्र फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर (वीज न जाऊ देणारे जोड) घालावेच लागतात आणि फ्रॉगला स्वतंत्र तार देऊन ती सांधा बदलणाऱ्या मोटरच्या स्विचवरून फिरवावी लागते. माझे मत इलेक्ट्रोफ्रॉगच्या बाजूचे आहे. एकदाची मेहनत, पुढे वर्षानुवर्षे अडखळणे नाही. कॉइलवाल्या मोटरला कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावावे. बटण दाबून धरले तरी मग कॉइल जळत नाही. एसजी-९० सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) स्वस्त पडतो, पण त्याचे ५ व्होल्ट वेगळ्या पुरवठ्यातून द्यावेत, तो चालवणाऱ्या आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाच्या पिनवरून ओढू नयेत. तसे केले की सांधा हलताना आर्डुइनो रीसेट होतो.

रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळत असेल (बलून लूप, त्रिकोण किंवा टर्नटेबल) तर उजवा रूळ डाव्याला भिडतो आणि शॉर्ट होते. अशा भागाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडावे, आणि तो भाग ऑटो-रिव्हर्सरवरून (रुळांची जोडणी आपोआप उलटवणाऱ्या उपकरणावरून) चालवावा. त्या भागाची लांबी सर्वांत लांब गाडीहून जास्त हवी. फक्त इंजिनाची लांबी धरून चूक होते. धातूची चाके असलेला किंवा दिवे असलेला शेवटचा डबा एका गॅपवर (रूळ तोडलेल्या जागी) आणि इंजिन दुसऱ्या गॅपवर असेल तर रिव्हर्सर दोन्हीकडे समाधान करू शकत नाही. समोरासमोरच्या दोन रुळांतल्या गॅपही एका रेषेत असाव्यात.

जुना अ‍ॅनालॉग कंट्रोलर आणि डीसीसी एकाच मांडणीवर कधीही ठेवू नयेत. मध्ये गॅप असली तरी त्यावरून जाणारे चाक दोन्ही जोडते आणि दोन्हींपैकी एक निकामी होतो.

इंजिनात डीकोडर बसवताना रंग पाठ असावेत : लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, निळी सर्व दिव्यांची सामायिक धन तार. जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश थेट चॅसिला (धातूच्या सांगाड्याला) टेकलेला असतो. तो वेगळा केल्याशिवाय डीकोडर लावला तर पहिल्याच सेकंदाला धूर निघतो. म्हणून आधी मीटर ‘बीप’वर लावून दोन्ही ब्रश आणि दोन्ही बाजूंची चाके अशा चारही जोड्या तपासाव्यात, एकही आवाज येता कामा नये. मग १२ व्होल्ट डीसी देऊन चाके क्षणभर हाताने रोखावीत आणि प्रवाह मोजावा. १ अँपिअरच्या डीकोडरला हा आकडा १ च्या आत हवा. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. काळी चिकटपट्टी वापरू नये, गरमीत तिचा गोंद सरकतो. हीट श्रिंक नळी बरी.

इंजिनाला पत्ता, म्हणजे हुकूम ओळखण्याचा क्रमांक, देण्यासाठी मुख्य मांडणीपासून दोन्ही रूळ तोडलेला एक वेगळा तुकडा हवा, नाहीतर एकाच हुकमाने सगळ्या इंजिनांचे पत्ते बदलतात. नव्या डीकोडरचा पत्ता ३ असतो. वाचन करताना डीकोडर मोटरला क्षणभर झटका देऊन उत्तर देतो. म्हणून ‘डीकोडर सापडत नाही’ असा संदेश आला की आधी चाके पुसावीत आणि मोटरच्या तारा पाहाव्यात. भारतीय इंजिनांबाबत एक अडचण आहे : डब्ल्यूएपी-७ किंवा डब्ल्यूडीएम-३ए चे क्रमांक पाच आकडी असतात आणि बहुतेक कंट्रोलर ९९९९ पर्यंतच पत्ता घेतात. शेवटचे चार आकडे वापरावेत. समजा ते ३२५१ आहेत आणि हाताने भरायचे आहेत. २५६ ने भागून भागाकार १२, बाकी १७९. सीव्ही म्हणजे डीकोडरच्या स्मृतीतले क्रमांकित कप्पे; सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक १२ म्हणजे २०४, सीव्ही १८ मध्ये १७९, आणि शेवटी सीव्ही २९ मध्ये ३४. हा ३४ महत्त्वाचा. मोठा पत्ता, २८/१२८ वेगपायऱ्या आणि अ‍ॅनालॉग बंद, असा त्याचा अर्थ. ३८ ठेवले तर अ‍ॅनालॉग चालू राहते, आणि शॉर्टनंतर एखादे इंजिन रुळावरची वीज अ‍ॅनालॉग समजून सुसाट सुटू शकते.

परदेशी कंट्रोलर परवडत नाही त्यांनी आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्डवर (त्यावर बसणाऱ्या, रुळाला वीज देणाऱ्या बोर्डावर) चालणारी डीसीसी-ईएक्स ही मोफत प्रणाली पाहावी. शील्डच्या मागचा ‘व्हिन कनेक्ट’ हा दुवा ब्लेडने तोडायला विसरू नये, नाहीतर रुळाचा व्होल्टेज आर्डुइनोवर चढतो. शील्डमधली एल-२९८ ही चिप स्वतःच दोनेक व्होल्ट खाते, त्यामुळे १४-१५ व्होल्टचा अडॅप्टर घ्यावा. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा घेऊ नये.

कोकण आणि मुंबईकडच्या हवेसाठी शेवटचे. पावसाळ्यात प्लायवूड फुगते, उन्हाळ्यात रूळ वाढतो, म्हणून दोन तुकड्यांमध्ये अर्धा मिलिमीटर जागा सोडावी. प्रत्येक तुकड्याला फीडर असला की ही जागा सोडायची भीती राहत नाही. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घ्यावे, पॉलिश पेपरने ओरखडे पडतात आणि काजळी त्यात बसते. चार महिने बंद असलेली मांडणी पुन्हा सुरू करताना इंजिन ठेवण्याआधी नाणे आणि रेझिस्टर घेऊन एक फेरी मारावी. जिथे व्होल्टेज पडलेला दिसेल, तिथे फळीखाली हात घालून पाहा, फीडरचा सोल्डर सुटलेला सापडतो.

आपला,
मॉडेल रेल्वेचा एक छांदिष्ट वाचक, पुणे