दोनदा पडलेल्या वकिलाला पत्र

नाशिक, रविवार दुपार

प्रिय विन्या,

परवा फोनवर म्हणालास, "निवडणुकीत दोनदा पडलो, आता आपण आणि आपला काळा कोट." तेव्हा गप्प बसलो. पण मनात बार्बरा जॉर्डन ही अमेरिकन पुढारी आली ती जायलाच तयार नाही.

ही टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १९५९ साली बॉस्टनला वकिलीची पदवी घेतली आणि ह्यूस्टनला परतल्यावर सुरुवातीला आईवडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावरच पक्षकारांची कामं करू लागली. (तुझी ओसरी आठवली बघ!) १९६२ ला टेक्सासच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभी राहिली, पडली. १९६४ ला पुन्हा पडली. मेख अशी, की उमेदवाराला अख्ख्या हॅरिस काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) निवडून यावं लागे. वस्तीने भरभरून मतं दिली तरी गोऱ्यांच्या मतांपुढे ती पुरायची नाहीत. मग मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणातच हवेत, असं सुप्रीम कोर्टाने बजावलं, नकाशे नव्याने आखले गेले, आणि १९६६ ला बाई थेट राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. बाकीचे तीसच्या तीस सदस्य पुरुष, आणि त्यांत कृष्णवर्णीय एकही नाही! उमेदवार तीच, वस्ती तीच, रेघा तेवढ्या हलल्या.

१९७२ ला ती वॉशिंग्टनला, देशाच्या संसदेत निवडून गेली. ते असू दे, २५ जुलै १९७४ चं ऐक. राष्ट्राध्यक्ष निक्सनवर महाभियोग चालवायचा का, यावर संसदेच्या समितीची बैठक, समोर टीव्हीचे कॅमेरे. ती म्हणाली, संविधानातल्या 'आम्ही लोक' मध्ये मी नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टन आणि हॅमिल्टन या संविधान घडवणाऱ्यांकडून मी चुकून राहून गेले असेन, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. एवढं बोलून बाई पक्की वकील झाली. महाभियोगाचा एक निकष, त्याला लागून निक्सनचं एक कृत्य; पुन्हा निकष, पुन्हा कृत्य. आवाज खर्जातला, शब्दन् शब्द सुटा. आरडाओरडा नाही. पंधरा दिवसांनी निक्सन पायउतार झाला. अर्थात एकट्या तिच्यामुळे नव्हे, त्याच्याच कचेरीतल्या संभाषणांच्या त्या टेप होत्याच.

१९७९ मध्ये तिने निवडणुकीचं राजकारण सोडलं आणि ऑस्टिनला शिकवायला गेली. मला ते अजून खटकतं. १९९६ ला वारली.

तुमची नवी प्रभागरचना जाहीर झाली की नकाशा पाठव. हरकती घ्यायची मुदत फार नसते. मी पेन्सिल घेऊनच येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या