मंत्री साहेब, लक्ष्मीबाईंचा पुतळा नको, पुस्तक द्या

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन

साहेब, स. न. वि. वि.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही पण पेढे वाटले, आनंद आहेच. आता त्या निमित्ताने योजना निघतील, निधी येईल, कुठेतरी भवन, कुठेतरी कमान, कुठेतरी शिल्प. त्याआधी नाशिककडच्या एका बाईबद्दल थोडं बोलायचंय. लक्ष्मीबाई टिळक. तुम्ही म्हणाल माहितीय की, स्मृतिचित्रे, त्यांचं आत्मचरित्र. तेच तर दुखणं आहे, सगळ्यांना तेवढंच माहितीय, आणि त्यातलंही शाळेच्या पुस्तकात होता तो एक धडा. वडिलांचं सोवळं इतकं की मीठ आणि साखरसुद्धा धुवून घ्यायची, ते वाचून वर्ग हसतो, मग नवऱ्याचा, म्हणजे कवी टिळकांचा, विक्षिप्तपणा, परत हशा, तास संपला. बाई विनोदी लिहायची एवढं घेऊन पोरं बाहेर पडतात.

1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्म, माहेरच्या गोखले, 1880 ला अकराव्या वर्षी लग्न. शाळेचं तोंड पाहिलं नाही, नवऱ्याने जमेल तसं वाचायला लिहायला शिकवलं, जोडाक्षरांशी भांडण कायमचं. नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक, फुलामुलांचे कवी वगैरे ठीक आहे, पण घरात पैसा टिकू न देणारा माणूस, आलेलं कुणाला तरी देऊन मोकळा, चूल कशी पेटायची हा प्रश्न बायकोचा. आणि 1895 च्या फेब्रुवारीत हा माणूस मुंबईला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होतो. विचार करा साहेब, त्या काळातल्या ब्राह्मण घरातली बाई, पदरात लहान मुलगा दत्तू (देवदत्त), नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पंढरपूरला बहिणीकडे राहिली आणि तिथेच त्या दुःखात कविता करायला लागली. मला विचाराल तर आपल्या भाषेतल्या एका फार मोठ्या लेखिकेची सुरुवात त्या पंढरपूरच्या घरात झाली, पण तिथे आपण फक्त विठोबाच बघतो (विठोबाबद्दल तक्रार नाही हां).

चार-पाच वर्षांनी ती टिळकांकडे नगरला गेली (आताचं अहिल्यानगर). गेली म्हणजे लगेच ख्रिस्ती झाली असं नाही, नवऱ्याच्या घरात राहून आपलं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा, सोवळं चालूच. मग हळूहळू स्वतःच्या डोक्याने विचार करत करत आधी जात सोडली आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. हे कुणी लादलेलं नव्हतं, नवऱ्याच्या मागे मेंढरासारखी गेली असं जे म्हणतात त्यांनी तो भाग परत वाचावा. पुढे घर कसलं, धर्मशाळाच, दुष्काळातली अनाथ मुलं घरात, येणारे जाणारे कवी घरात, बालकवी ठोंबरे तर पोटच्या पोरासारखे राहिले. प्लेगात आजारी पोरींची सेवा करायला बाई स्वतः पुढे झाली. मिशनच्या कामात टिळकांचं नाव मोठं झालं पण त्या कामाला जेवू घालणारे हात कुणाचे होते ते आपल्याकडे सहसा लिहीत नाहीत.

1919 च्या मे मध्ये टिळक गेले. धड्यात बाई इथेच संपते आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. टिळक ख्रिस्तायन नावाचं येशूचं ओवीबद्ध चरित्र लिहीत होते, दहा-साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. चौसष्ट! जोडाक्षरांना अडखळणारी बाई, मुलाच्या नोकरीपायी कराचीपर्यंत जाऊन राहिलेली, नातवंडांचा संसार भोवती, आणि ही ओवीला ओवी जोडत बसलीय. पुस्तक 1938 ला आलं, तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. स्मृतिचित्रे पण मुळात मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून लिहायला घेतलं, संजीवनी साप्ताहिकात आलं, 1934 पासून भाग निघायला लागले, शेवटचा भाग हातात असताना बाई गेली आणि तो देवदत्तने पुरा केला. म्हणजे घर, कविता आणि देवाचं काम असे तीन कप्पे तिने कधी केलेच नाहीत, एकाच बैठकीत सगळं चाललेलं.

आता मुद्द्यावर येतो. मला ख्रिस्तायन वाचायचं होतं. आमच्या वाचनालयात नाही, दुकानात विचारलं तर त्याने ख्रिस्तपुराण दाखवलं मोबाईलवर, म्हटलं अहो ते फादर स्टीफन्सचं, गोव्यातलं, 1616 चं, तीनशे वर्षांचा फरक आहे. तो म्हणाला मग नाय भेटणार. अभिजात दर्जासाठी आपण जुन्या ग्रंथांचे दाखले काढतो आणि विसाव्या शतकात एका बाईने लिहिलेलं जवळजवळ अख्खं महाकाव्य साध्या वाचकाला पटकन मिळत नाही हे बरं दिसत नाही.

यात कायद्याची अडचण पण नाही, लेखक गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट, आणि पुस्तक लेखक गेल्यानंतर आलं असेल तर ते आल्यापासून 60 वर्षं. ख्रिस्तायन 1938 ला आलं, म्हणजे ते 1999 पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे. स्मृतिचित्रेच्या देवदत्तनी पुरा केलेल्या भागाचं काय ते तुमचे अधिकारी बघतीलच. साहित्य संस्कृती मंडळ आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे, दोघं जुनी पुस्तकं वेबसाइटवर फुकट देतात, चांगलं काम आहे ते. तिथेच ख्रिस्तायन टाका, नीट टाइप केलेलं, मोबाईलवर वाचता येईल असं, पानांचे तिरके फोटो नकोत. आणि त्यातले दोन-चार अध्याय कुणा चांगल्या बाईंच्या आवाजात रेकॉर्ड करा, ओवी ही ऐकायची गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकाचं खातं तुमचं नाही माहितीय, पण शिक्षण मंत्र्यांना एक चिठ्ठी पाठवून 1919 नंतरच्या लक्ष्मीबाईंचा एक धडा घ्या एवढं तरी सांगा.

आणखी एक, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तुमचा मोठा कार्यक्रम असतो, कुसुमाग्रज पण नाशिकचेच. लक्ष्मीबाईंचा स्मृतिदिन 24 फेब्रुवारी, बरोबर तीन दिवस आधी. त्या दिवशी फाइल अपलोड झाली तरी चालेल, फीत कापायला कुणी नाही आलं तरी चालेल.

उत्तराची वाट बघतोय. "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे" असं उत्तर आलं तर कुठल्या टेबलावर पाठवलंय तेवढं कळवा, मी तिथे फोन करीन.

आपला,
नाशिकचा एक वाचक