घमेल्यात बोट घालणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

माझ्या कोंबड्यांची अंडी कमी का झाली ते बघायला तुम्ही आलात. मी खाद्याची गोणी उघडून दाखवत होते आणि तुम्ही मात्र सरळ पाण्याच्या घमेल्यापाशी गेलात. आतल्या कडेवरून बोट फिरवलंत आणि ते माझ्या नाकासमोर धरलंत. हिरवट, बुळबुळीत, कुबट.

"पाणी रोज बदलते की," मी म्हणाले.

"बदलतेस गं. घासतेस कधी?"

अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, हे मला तेव्हा कळलं. कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. आणि मी त्यांच्यापुढे विष्ठा पडलेलं, उन्हात तापलेलं पाणी ठेवत होते!

उलट्या डब्याचं भांडं आणलं, म्हणजे काठाजवळ छिद्र असलेला पाण्याचा डबा ताटलीवर पालथा घातलेला, तर ते तासाभरात रिकामं. मी प्लास्टिकला दोष देऊन मोकळी झाले. तुम्ही खाली वाकलात आणि भांडं तिरकं बसलंय ते दाखवलंत. छिद्र पाण्याखाली असेतोवर आत हवा जात नाही, म्हणून पाणी थांबतं. तिरकं झालं की छिद्र उघडं पडतं आणि सगळं वाहून जातं. मग दोन विटा लावून कड कोंबड्यांच्या पाठीइतकी उंच केलीत. तेव्हापासून उकरलेला भुसा पाण्यात पडत नाही, पाणी सांडून खालचा भुसाही ओला होत नाही. ओल्या भुशात रक्ती हगवण फोफावते, हे तुम्ही सांगेपर्यंत मी फक्त वासालाच नाक मुरडत होते.

पिल्लांच्या ताटलीत गोट्या टाकायला लावल्यात, त्याबद्दल तर काय बोलू? त्याआधी एक पिल्लू बुडालं होतं, बोटभर पाण्यात.

जस्ताच्या बादलीत व्हिनेगर घालण्याआधी तुम्हाला विचारलं, ही माझी एकमेव हुशारी. आम्लाने जस्त पाण्यात उतरतं म्हणालात, मग तो बेत सोडला. दुसरं भांडं लांबच्या कोपऱ्यात ठेवा, हेही तुमचंच. आमची दांडगी तांबडी कोंबडी एका वेळी एकाच भांड्यावर पहारा देऊ शकते, त्यामुळे गरीब बिचाऱ्या दोघी आता पोटभर पितात.

भांडी सावलीत आहेत. ब्रश खुराड्याच्या दाराला टांगलाय. पुढच्या वेळी या आणि बोट फिरवून बघा. हात पुसायला फडकंही ठेवलंय.

तुमची,
घमेलंवाली